'बोचरी' थंडी नक्की कधी म्हणायची? कडाक्याची आणि बोचरी यात फरक आहे का?

शाईपेन_नाशिक

नमस्कार मंडळी, प्रश्न भाषेचा आहे पण हवामानाशीही संबंध आहे म्हणून इथे टाकतोय. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या पेपरात डेस्कवर काम करतो. डिसेंबर लागला की तालुक्यातालुक्यातून रोज थंडीची बातमी येते आणि प्रत्येक बातमीदाराचं विशेषण ठरलेलं. एक जण लिहितो 'बोचऱ्या थंडीने नागरिक हैराण', दुसरा 'कडाक्याच्या थंडीने जनजीवन गारठले', तिसरा थेट 'हाडे गोठवणारी थंडी', आणि खाली आकडा बघावा तर तिघांकडेही ११ नाहीतर १२. परवा याच्यावरून डेस्कवर चांगलीच जुंपली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की बोचरी काय नि कडाक्याची काय, वाचकाला समजल्याशी कारण, शीर्षकात जे मावेल ते घ्या. मला हे अजिबात पटलेलं नाही. आपण घरात पांघरूण घेऊन बसलो असताना 'आज बोचरी थंडी आहे' असं म्हणतच नाही, बाहेर पडल्यावरच म्हणतो, म्हणजे त्या शब्दात काहीतरी वेगळं आहे हे नक्की. पण ते वेगळं काय हे मला नीट मांडता आलं नाही आणि तिथे वाद अर्धवट राहिला.

तर तुमच्या भागात बोचरी कधी म्हणतात, अमुक तापमानाच्या खालीच म्हणतात का, आणि वारा नसेल तरी म्हणतात का, हे सांगा प्लीज. आणि बोचर्या लिहायचं की बोचऱ्या? फोनवरून टाइप होऊन येणाऱ्या कॉपीत दोन्ही असतं.

अनुस्वार

बोचऱ्या. यात शंकाच नको. बोचर्या लिहिलं की र चा रफार होतो आणि मागच्या अक्षरावर आघात येतो, सूर्य, कार्य म्हणताना येतो तसा. आपण बोचऱ्या म्हणताना च वर असा जोर देतच नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मोबाईलच्या बऱ्याच कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ मिळतो, मग त्याचा पाय मोडून य लावायचा. तुमच्या बातमीदारांना हे एकदा करून दाखवा, कारण दुसऱ्या, साऱ्या, शेतकऱ्यांना हे सगळे शब्द रोज लागतात आणि रोज चुकतात.

आता अर्थाचं. माझ्या मते तुमचं बरोबर आहे आणि त्याचं कारण शब्दाच्या घडणीतच आहे. मराठीत क्रियापदाला रा लावून विशेषणांचं एक छान कुटुंब तयार झालंय, हसरा, लाजरा, बुजरा, नाचरा, दुखरा, कापरा, चावरा. हसरा म्हणजे एकदा हसलेला नव्हे, ज्याचा स्वभावच हसण्याचा तो. तसं बोचरी म्हणजे जिचं कामच सतत बोचत राहणं आहे ती. आणि बोचायला काहीतरी टोकदार लागतं आणि बोचून घ्यायला उघडी कातडी लागते. म्हणून काटा बोचतो, सतरंजीखालचा खडा बोचतो, शब्द बोचतात. बोचरी टीका म्हणतो तेव्हा ती टीका फार मोठी किंवा फार कडक असते असं नाही, ती नेमकी जागा शोधून लागते.

कडाका हा वेगळाच प्रकार. त्याला थंडीशी खास देणंघेणं नाही. उन्हाचा कडाका असतो, कडाक्याचं भांडण होतं. तो फक्त जोर सांगतो. किती थंडी हे सांगायचं तर कडाक्याची, आणि कशी थंडी हे सांगायचं तर बोचरी, असं मी तरी मानतो. एकाच दिवशी दोन्ही असू शकतात, पण एकीच्या जागी दुसरी घातली की काहीतरी हरवतं. आणि जागेचं म्हणाल तर बोचऱ्या हा शब्द कडाक्याच्या पेक्षा लहान आहे म्हणून तो घ्यायचा, हे काही कारण होऊ शकत नाही.

हवामानवेडा

अनुस्वार यांनी फार छान सांगितलं, मी त्याला हवामानाची बाजू जोडतो कारण इथे भाषा आणि हवा अगदी हातात हात घालून चालतात.

आपल्या अंगाभोवती कायम कोमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा पडलेला असेल तर तो थर जागेवर राहतो आणि १० अंशातसुद्धा माणूस बऱ्यापैकी टिकतो. वारा सुटला की तो थर उडून जातो, शरीर नवा तयार करतं, तोही जातो, आणि उघडी कातडी भराभर उष्णता गमवायला लागते. कान, नाकाचा शेंडा, बोटांची पेरं इथे आधी लागतं. हेच ते बोचणं. थर्मामीटर मात्र तेच दाखवत राहतं कारण निर्जीव वस्तूला वाऱ्याने हवेपेक्षा जास्त गार करता येत नाही, ती फक्त लवकर गार होते.

यावर मुद्दाम अभ्यास झाला तो अंटार्क्टिकात. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी तिथे पाणी गोठायला किती वेळ लागतो हे वेगवेगळ्या वाऱ्यात मोजलं आणि ते काम १९४५ साली छापून आलं. पुढे अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये त्यात सुधारणा करून वाऱ्यात तापमान किती जाणवतं याचं नवं सूत्र आणलं. हे सूत्र १० अंश आणि त्याखालीच वापरायचं असतं. त्याने हिशेब केला तर ८ अंश तापमानात तुम्ही ५० च्या स्पीडने मोटरसायकल चालवत असाल तर तोंडाला साधारण ३ अंशासारखं लागतं. म्हणजे सकाळी सहाला दूध घेऊन निघालेल्या माणसाची थंडी आणि त्याच गावात ओट्यावर बसलेल्या आजोबांची थंडी ही खरोखरच वेगळी असते, आकडा एकच असला तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पेपरवाल्यांनी लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे पारा सर्वात खाली जातो त्या पहाटे बहुतेक वेळा वारा नसतो! आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि गार जड हवा खोलगट भागात, नदीकाठी, शेतात साचून राहते. वारा असता तर वरची त्यामानाने उबदार हवा खाली मिसळली असती आणि पारा इतका उतरलाच नसता. त्यामुळे ज्या दिवशी नीचांकाची बातमी असते तो दिवस कडाक्याचा असतो पण बोचरा असेलच असं नाही. बोचरी थंडी येते ती उत्तरेत एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी हवा, पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेकडचे कोरडे वारे आपल्याकडे उतरतात तेव्हा. त्या दिवशी पारा १३ असेल, पण दुपारी ऊन असूनही सावलीत उभं राहवत नाही.

आणि 'थंडीची लाट' हा शब्द तर सैल वापरूच नका. हवामान खात्याचा त्याला नियम आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली पाहिजे आणि शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी पाहिजे, नाहीतर सरळ ४ किंवा त्याखाली पाहिजे. तुमच्याकडे सरासरी १० असेल तर साडेपाचच्या आत आल्याशिवाय लाट नाही. ११ ला लाट लिहिणं हे चूकच. बोचरीला असा नियम नाही, ती ठरवते आपली कातडी.

काळी_माती_निफाड

हवामानवेडा भाऊ, वारा नसतो म्हणालात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दरवर्षी पेपरात येतो, राज्यात सगळ्यात कमी म्हणून. त्या पहाटं बागेत जाऊन बघा, पान हलत नाही. कान बोचत नाही, पण पाय ठेवाल तिथं गार, ड्रिपच्या नळीला हात लावला तरी चटका बसल्यासारखं होतं. आमच्या घरात त्याला बोचरी कोणी म्हणत नाही, 'आज लई काकडा पडलाय' म्हणत्यात. बोचरं असतं ते वारं. 'बोचरं वारं सुटलंय, कानाला बांध' असं आई म्हणायची.

आणि शाईपेन दादा, एक सांगायचंय. 'थंडीने शेतकरी हैराण' असं सरसकट नका लिहू. कोणत्या पिकाचा शेतकरी ते लिहा. गव्हाला, हरभऱ्याला हीच थंडी मानवते, थंडी चांगली पडली तर गहू फुटवे चांगले धरतो. द्राक्षाचं उलटं. मण्यात पाणी उतरायला लागलं आणि पारा एकदम खाली आला की मणी तडकतो, आणि घडात एक मणी तडकला की त्याचा रस बाकीच्याला लागून सगळा घड जातो. थंडी लांबली की फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो, भुरी रोगाचं भ्याव वेगळंच. पांढऱ्या जातीत मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतो आम्ही, दिवसा तापतंय आणि रात्री गार पडतंय यात फरक वाढला की हे जास्त होतं. व्यापारी असा माल बघून लगेच भाव पाडतो. म्हणून लोकं घडाला कागद लावत्यात, पहाटं तीन-चारला उठून विहिरीचं पाणी सोडत्यात कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत्यात. लाईट त्या टायमाला असली तर. ही मेहनत 'बोचऱ्या थंडीने' या दोन शब्दात कुठं दिसत नाही, तेवढं बातमीत येऊ द्या.

विनिपेगकर

मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं कॅनडात विनिपेगला आहे. इथे हवामानाच्या बातमीत तापमान आणि वाऱ्यामुळे जाणवणारा आकडा असे दोन्ही सांगतात आणि लोक दुसऱ्याच आकड्यावर कपडे ठरवतात. उणे १० तापमान आणि ३० किलोमीटरचा वारा असेल तर जाणवतं उणे २०. शहराच्या मधोमध पोर्टेज आणि मेन असा एक चौक आहे, उंच इमारतींमधून वारा असा काही येतो की तो चौक त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे, तिथून चालत गेलं की बोचरा या शब्दाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. आमच्या घरी मुलांशी मराठीच बोलतो आणि थंडीचे सगळे शब्द मी महाराष्ट्रातून आणलेले आहेत, आणि इथे आल्यावर लक्षात आलं की बोचरीला खालूनही एक मर्यादा आहे. उणे पाचात वारा असला की बोचतं. उणे तिशीत पहिली काही मिनिटं बोचतं आणि मग बोचायचं थांबतं. गाल लागत नाहीत, बोटं आपली वाटत नाहीत. नवीन आलेल्या माणसाला वाटतं चला, सवय झाली. तीच वेळ धोक्याची असते. जाणवणारा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते असा इशारा इथलं हवामान खातं देतं. म्हणून माझ्या मुलांना मी हेच शिकवलंय की बोचतंय तोवर ठीक, बोचायचं थांबलं की लगेच आत यायचं. तेव्हा बोचरी म्हणजे सर्वात जास्त थंडी असं कोणी समजत असेल तर ते बरोबर नाही. बोचरी थंडी जिवंत कातडीला कळते.

माजी_फौजी_सातारा

विनिपेगकर साहेबांनी जे लिहिलं त्याला माझा पूर्ण दुजोरा. लडाखमध्ये नोकरी केलेला माणूस हे कधी विसरत नाही. तिकडे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असायचं की जोडीदाराच्या तोंडाकडे बघत राहायचं, कारण आपलं नाक पांढरं पडलेलं आपल्याला कळत नाही, त्याला दिसतं. मेणासारखा पांढुरका डाग दिसला की समजायचं हिमदंश सुरू झाला. उघड्या हाताने हत्याराच्या धातूला शिवायचं नाही, कातडी चिकटते. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे, कितीही कंटाळा येऊ दे.

आणि एक गोष्ट इथे वाचणाऱ्यांपैकी हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या पोरांसाठी, कारण हल्ली आपल्याकडची खूप पोरं हिवाळ्यात तिकडे जातात. बोटं बधिर पडली तर चोळायची नाहीत आणि बर्फ तर अजिबात लावायचा नाही, जुन्या लोकांनी सांगितलं असलं तरी. आतलं मांस गोठलेलं असतं, चोळून ते फाटतं. शेकोटीवरही धरायची नाहीत, बोटांना चटका कळत नाही आणि भाजून निघतं. कोमट पाण्यात, अंगाच्या तापमानापेक्षा किंचित जास्त, ३७ ते ३९ अंश, हळूहळू गरम करायची. आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून खाली उतरायचं बाकी असेल, तर मध्येच वितळवायची नाहीत, आधी खाली या. गरम व्हायला लागली की प्रचंड दुखतं, ते दुखणं चांगलं समजायचं. डॉक्टरला दाखवणं आलंच.

शाईपेन_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काळी_माती दादा, पिकाचं तुम्ही म्हणता ते डेस्कवर उद्याच बोलतो, ते विशेषणापेक्षा मोठं आहे. बाकीच्या भागातलं कोणी सांगेल का? विदर्भात आणि कोकणात बोचरी म्हणतात का?

वैनगंगाकाठ

गोंदियाचा आहो मी. विदर्भात थंडीच्या बातमीत आमचंच नाव पहिलं असते. बोलताना आम्ही बोचरी फार नाही म्हणत, 'लय थंडी वाजून राहिली' नाहीतर 'हवा लागून राहिली' म्हणतो. आता हे हवामानवेडांचं वाचल्यावर लक्षात आलं की 'थंडी वाजून राहिली' आणि 'हवा लागून राहिली' हे आम्ही वेगळंच वापरतो, हवा लागून राहिली म्हणजे वाऱ्याची थंडी, तुमची बोचरी. २०१८ च्या डिसेंबरच्या शेवटी नागपूरला ३.५ अंश झाले होते, तेव्हा सगळ्यांनी हाडं गोठवणारी लिहिलं, ते ठीक होतं, नागपूरच्या माणसासाठी ते खरंच तसंच होतं. ४५ च्या वर उन्हाळा काढणाऱ्या गावाले ३.५ म्हणजे काय ते बाहेरच्याले नाही समजत. पण दरवर्षी १२ ले हाडं गोठवली तर ३.५ ले काय लिहाल?

तळकोकणातून

सिंधुदुर्गात बोचरी थंडी मी तरी कधी अनुभवली नाही आणि रोजच्या बोलण्यात ऐकलीही नाही. आमच्याकडे गारठा असतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, ते गार लागतात पण हवेत ओलावा असतो, दव पडलेलं असतं, त्यामुळे ती थंडी टोचण्यापेक्षा अंगात मुरते. म्हातारी माणसं त्याला हीव म्हणतात, हिवाळ्यातलं आणि हिवतापातलं तेच हीव, मूळ संस्कृत हिम. आमच्या बातम्यांत 'बोचरी थंडी' असते ती नाशिक-पुण्याच्या बातम्या वाचून वाचून आलेली असावी असं माझं मत आहे.

आणि निफाडच्या दादांनी म्हटलं तसं इथेही थंडीकडे डोळे लावूनच बसतात. थंडी पडल्याशिवाय हापूसला मोहोर नाही. पण हीच थंडी फार लांबली की झाडाला कैरी धरलेली असताना पुन्हा मोहोर फुटतो, झाडाची ताकद नव्या मोहोराकडे जाते आणि आधीची कैरी गळते. त्याला पुनर्मोहोर म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे आम्हाला चांगली थंडी म्हणजे वेळेवर येऊन वेळेवर जाणारी.

अनुस्वार

तळकोकण, 'अंगात मुरते' हे फार अचूक. झोंबणारी हा अजून एक शब्द आहे, तोही वाऱ्याशीच जातो, पण झोंबण्यात जळजळ आहे, मिरची झोंबते तशी. गालाला आणि फुटलेल्या ओठांना वारा झोंबतो, कानाला बोचतो. आणि गुलाबी थंडीला तरी सोडा म्हणावं पेपरवाल्यांना, १८ अंश झाले की लगेच गुलाबी! ती नोव्हेंबरातली, शाल घेतली की बरी वाटणारी थंडी आहे, तिला तिची वेळ येऊ द्या.

शाईपेन_नाशिक

म्हणजे बोचरी लिहायची तर त्या दिवशी वारा होता का हे बघावं लागणार. पण बातमीदार ते बघणार कुठे? त्याच्याकडे फक्त किमान तापमानाचा आकडा येतो.

हवामानवेडा

अवघड नाही. हवामानाच्या कुठल्याही चांगल्या ॲपवर वाऱ्याचा वेग आणि दिशा तासातासाची मिळते. पारा कितीवर गेला हे बघतो तसं सकाळी सात ते अकरा या वेळात वारा किती आणि कुठून हे बघायचं. उत्तरेचा किंवा ईशान्येचा, ताशी १५ च्या वर सतत असेल आणि पारा १५ च्या आत असेल तर मी बिनधास्त बोचरी लिहीन. हा काही खात्याचा नियम नाही, माझा आपला अंदाज. वारा तीन-चारचा असेल आणि पारा ६ असेल तर कडाक्याची लिहा, गारठा लिहा. आणि बातमीदाराला म्हणावं फोटो काढायला स्टँडवर जातोसच तर रिक्षावाल्यांना विचार, ते कानाला मफलर गुंडाळून पाठ कोणत्या दिशेला करून बसलेत तेवढं बघितलंस तरी वारा कुठला ते कळेल.